‘स्कॅफी’ आणि ‘मिजी’: स्कॉटलंडच्या बोलीतले कचऱ्याचे दोन शब्द

स्कॉटलंडच्या पूर्वेकडे, म्हणजे एडिनबरा, डंडी, अ‍ॅबर्डीन या शहरांत, रस्ता झाडणाऱ्या किंवा कचरा उचलणाऱ्या कामगाराला बोलीत ‘स्कॅफी’ म्हणतात; पश्चिमेला ग्लासगोत कचरा नेणारा तो ‘मिजी-मॅन’. हे एकाच अर्थाचे दोन प्रादेशिक पर्याय असावेत, असे बाहेरच्याला सहज वाटते. प्रत्यक्षात पहिले माणसाचे नाव आहे आणि दुसरे जागेचे.

‘स्कॅफी’ हे ‘स्कॅव्हेंजर’चे आखूड रूप मानले जाते. हा स्कॅव्हेंजर मुळात चांगला अंमलदार होता: मध्ययुगीन लंडनमध्ये परक्या व्यापाऱ्यांच्या मालावरचा कर त्याच्या कक्षेत येई, पुढे रस्त्यांच्या स्वच्छतेची देखरेख त्याच्याकडे आली आणि कालांतराने ते नाव प्रत्यक्ष झाडू मारणाऱ्याला चिकटले. घसरण तिथेही थांबली नाही, कारण रया गेलेला कोट किंवा कळकट खोली यांनाही याच उच्चाराचे विशेषण लावले जाते. म्हणून ‘स्कॅफी आला’ ही साधी वर्दी असते, तर ‘किती स्कॅफी दिसतोस’ हा टोमणा असतो.

‘मिजी’चा प्रवास उलटा आहे. तो ‘मिडन’ म्हणजे उकिरडा या शब्दापासून आला आणि त्याचे मूळ स्कँडिनेव्हियन भाषांत आहे. पुरातत्त्वज्ञ ‘मिडन’ आजही वापरतात. ऑर्कनी बेटांवरील स्कारा ब्रे येथील सुमारे 5000 वर्षांपूर्वीची घरे अशाच उकिरड्याच्या थरांत बांधलेली आहेत. ग्लासगोत दगडी चाळवजा इमारतींच्या मागच्या अंगणातील कचऱ्याची जागा म्हणजे मिजी, आणि ती रिकामी करणारा मिजी-मॅन. ‘मिजी-रेकर’ मात्र कामगार नव्हे. तो दुसऱ्यांचा कचरा उपसून उपयोगी वस्तू शोधणारा, त्यामुळे ही दोन नावे एकमेकांच्या जागी वापरणे कामगाराला खचितच रुचणार नाही. (हायलँड्समधील चावऱ्या चिलटांनाही ‘मिजी’च म्हणतात, पण त्यांचा उकिरड्याशी संबंध नाही.)

कळकट वस्तूसाठी ग्लासगोकर सहसा ‘मिजी’कडे वळत नाही, तो ‘मँकी’ म्हणतो. या शब्दाचा संबंध जुन्या फ्रेंचमधील लुळे, सदोष अशा अर्थाच्या शब्दाशी जोडतात, म्हणजे त्यात उणीव आधी आली आणि घाण नंतर.