कामगाराची खोली आणि छोटा कारखाना : करोनाकाळामागची पार्श्वभूमी

२० एप्रिल २०२० पासून काही उद्योगांना काम सुरू करायची मुभा मिळाली, तेव्हा केंद्रीय गृहखात्याच्या सूचनांमध्ये औद्योगिक वसाहतींसाठी एक अट होती : कामगारांची राहण्याची सोय शक्यतो आवारातच किंवा लगतच्या इमारतीत करा, नाहीतर त्यांना आणायला-सोडायला वाहन ठेवा. मोठ्या कंपनीला हे जमण्यासारखे होते. पण भोसरीतल्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये दोन-तीन लेथ, एखादे मिलिंग मशीन आणि कच्चा माल मांडल्यावर चालण्यापुरतीच जागा उरते. तिथे आठ माणसे झोपणार कुठे?

साथीत कामगार कामाच्या जागी टिकवायचा कसा, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईने पाहिला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती बाहेर पडली. गिरण्यांतली माणसे कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेली. तोवर पगार महिन्याचा असे आणि तोही उशिराने हाती पडे. मागचे पैसे अडकलेले असल्यामुळे कामगार सहसा जागा सोडत नसे. प्लेगने हा फास सैल केला. गिरण्या चालू ठेवण्यासाठी मालक नाक्यानाक्यावर एकमेकांपेक्षा जास्त मजुरी बोलू लागले आणि कामगारांनी रोजचा पगार रोज मागून घेतला. साथ ओसरताच मालकांनी जुनी पद्धत परत रेटली. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते, कारण माणूस गावी निघून जाऊ शकतो ही कामगाराच्या हातातली खरी ताकद तिथे पहिल्यांदा एवढ्या उघडपणे दिसली.

पुढे जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. कापडाचे काम आधीपासूनच यंत्रमागांकडे सरकत होते. संपानंतर ते भिवंडी-इचलकरंजीकडे आणखी वेगाने गेले. गिरणीत हजेरीपट, युनियन, काही प्रमाणात चाळीतली खोली असे. यंत्रमागावर मजुरी विणलेल्या कापडावर ठरते : माग थांबला की कमाई थांबली. भिवंडीत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली माणसे पाळीपाळीने एकाच खोलीत झोपतात आणि भिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवतात. अभियांत्रिकीतही एमआयडीसीच्या शेडमध्ये मशीन आले, विजेचा मीटर आला. कामगाराच्या घराचा विचार कुणी केला नाही. तो जवळच्या गावात भाड्याने राहिला, तोही बहुधा ठेकेदाराच्या ओळखीने.

म्हणून २५ मार्च २०२० ला सगळे बंद झाले तेव्हा अनेक मालकांकडे आपल्याच माणसांची धड यादी नव्हती. परराज्यातल्या कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता, त्यात प्रवासभत्त्याचीही तरतूद होती. ती कागदावर राहिली. २९ मार्चला पूर्ण पगार द्या, महिनाभर भाडे मागू नका, असा केंद्राचा आदेश आला. ज्यांची बिले मोठ्या कंपन्यांकडे अडकली होती त्यांना तो पाळणे अवघड गेले. हातअवजारे बनवणाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, १५ मे रोजी सक्तीच्या कारवाईला अंतरिम मनाई मिळाली आणि १८ मेपासून आदेशच मागे घेतला गेला. भविष्य निर्वाह निधीत कामगार आणि मालक मिळून भरतात तो पगाराच्या २४ टक्के वाटा सरकारने शंभरपर्यंत कामगार असलेल्या ठिकाणी काही महिने भरला खरा, पण तो ज्यांचे खाते आहे आणि पगार पंधरा हजारांखाली आहे त्यांच्यासाठी. ठेक्यावरच्या माणसाचे बहुधा खातेच नव्हते.

मग माणसे निघाली. ८ मे रोजी जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले सोळा जण करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. महामारीत उद्योगांनी कसे जुळवून घेतले हे सांगताना हे सोळा जण वगळता येणार नाहीत.

जूननंतर शेड उघडल्या तेव्हा जुळवाजुळव सुरू झाली. एक ऑपरेटर दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन सांभाळू लागला, मालक आणि घरची मंडळी पॅकिंगला उभी राहिली, दोन पाळ्यांची गाठ पडू नये म्हणून मध्ये वेळ सोडला गेला. जुलैत राज्य सरकारने नोकऱ्या जुळवून देणारे महाजॉब्स पोर्टल सुरू केले. आसपासची आयटीआय झालेली मुले मशीनवर आलीही. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, मात्र साचा भरणे आणि फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे) ही धुळीची, उष्णतेची कामे आहेत. तिथे स्थानिक मुले फारशी टिकली नाहीत आणि मालकांना जुन्याच माणसांना फोन करून गाडीभाडे, उचल पाठवून बोलवावे लागले. १८९७ च्या नाक्यावरची बोली इथे फोनवर झाली, एवढाच फरक.

काही राज्यांनी दुसरी वाट धरली. गुजरातने दिवसाचे काम बारा तासांपर्यंत नेले, वर जादा तासांचा दुप्पट दरही काढून टाकला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. ते योग्यच झाले. साथीचा भार ज्यांच्याकडे सर्वांत कमी शिल्लक होती त्यांच्यावर टाकायचा, याला जुळवून घेणे म्हणता येत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध आले, आणि कामगार आवारात ठेवण्याचा प्रश्नही परत आला. आता निदान फोन नंबरांची यादी होती, काहींनी शेडवर पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. पण या वेळी प्राणवायू रुग्णालयांकडे वळवला गेला आणि प्राणवायू लागणाऱ्या गॅस कटिंगवर चालणारी फॅब्रिकेशनची कामे माणसे हजर असूनही थांबली. भाड्याच्या घरांची केंद्राची योजना जुलै २०२० मध्येच मंजूर झाली होती; यंत्रमाग आणि वर्कशॉपच्या वस्त्यांत आजही बहुतेक कामगार ठेकेदाराने दाखवलेल्या खोलीतच राहतात.