पारारहित विद्युत अग्रे

पाण्यात, मातीत किंवा अन्नात लिटरमागे वा किलोमागे काही मायक्रोग्रॅम इतकेच असलेले शिसे, कॅडमियम, जस्त, आर्सेनिक यांसारखे घटक विद्युत रासायनिक पद्धतीने मोजण्यासाठी पाऱ्याऐवजी बिस्मथ, अँटिमनी, सोने किंवा कार्बन यांची जी विद्युत अग्रे (इलेक्ट्रोड) वापरतात, त्यांना पारारहित विद्युत अग्रे म्हणतात.

अशा विद्युत रासायनिक मापनाचा पाया पाऱ्यावरच घातला गेला. प्राग येथे यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये थेंबाथेंबाने गळणाऱ्या पाऱ्याचे अग्र वापरून पोलॅरोग्राफीची, म्हणजे विद्युत दाब बदलत नेऊन वाहणाऱ्या प्रवाहावरून द्रावातील घटक मोजण्याची, पद्धत शोधली आणि त्यासाठी त्यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पारा अनेक धातू आपल्यात विरघळवून घेतो व त्यांचा पारदमेल बनतो. जळगावसारख्या सोन्याच्या पेठेत सोनाराच्या केरमातीतून सोने वेचणाऱ्या झारेकऱ्याच्या कामी येणारा गुण तो हाच. शिवाय पाऱ्यावर हायड्रोजन वायू सहजी सुटत नाही, त्यामुळे बऱ्याच ऋण विद्युत दाबापर्यंत मापन करता येते, आणि प्रत्येक नव्या थेंबाबरोबर कोरा पृष्ठभाग मिळतो. एवढे गुण एकाच पदार्थात असल्याने पर्याय शोधणे सोपे नव्हते. पण पाऱ्याची वाफ विषारी असते, सांडलेला पारा फटीफटींत शिरतो आणि वापरलेल्या पाऱ्याची विल्हेवाट लावणे कठीण असते. २०१३ मध्ये स्वीकारलेला व २०१७ पासून अमलात आलेला, पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार संशोधनातील वापराला सवलत देतो. तरीही पारा शक्य तेथे टाळावा, हा आग्रह त्यानंतर प्रयोगशाळांतही बळावला, आणि तो रास्त आहे.

खरा पर्याय ठरला तो बिस्मथ. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये काचसम (काचेसारख्या गुळगुळीत, कठीण) कार्बनवर बिस्मथचा पातळ थर चढवून शिसे व कॅडमियम यांचे मापन करून दाखवले. बिस्मथ या धातूंशी मिश्रधातू बनवतो, आणि तो इतका कमी विषारी आहे की त्याची संयुगे पोटाच्या औषधांत वापरली जातात.

यावल-रावेरच्या केळी पट्ट्यातील एखाद्या विहिरीचे पाणी तपासायचे झाल्यास नमुना ॲसिटेट बफरने (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावाने) सुमारे ४.५ पीएचवर आणतात आणि त्यात थोडे बिस्मथ लवण मिसळतात. मग पाणी ढवळत ठेवून अग्राला सुमारे -१.४ व्होल्ट दाब दोन मिनिटे देतात. तेवढ्यात बिस्मथ व नमुन्यातील धातू एकाच वेळी अग्रावर बसतात. ढवळणे थांबवून पाणी संथ झाले की दाब धन बाजूकडे सरकवतात, तसे आधी जस्त, मग -०.८ व्होल्टच्या आसपास कॅडमियम आणि -०.५५ च्या आसपास शिसे सुटून द्रावात परत जाते, व विद्युत प्रवाहाच्या आलेखावर प्रत्येकाचा वेगळा उंचवटा उमटतो. अशा साठवणुकीमुळेच पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घातलेल्या मर्यादांइतकी, म्हणजे लिटरमागे शिशाची ०.०१ व कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम इतकी, अल्प मात्राही दिसू शकते. पाऱ्याच्या अग्रासाठी नमुन्यातून नायट्रोजन सोडून विरलेला प्राणवायू घालवावा लागतो. बिस्मथला बहुधा ती गरज पडत नाही, आणि गावोगाव तपासणी करायची तर वायूची टाकी वाहून न्यावी न लागणे ही मोठी सोय आहे.

बिस्मथच्या मर्यादाही खऱ्या आहेत. तांबे त्याच्याशी पृष्ठभागावरील जागेसाठी स्पर्धा करते, त्यामुळे शिशाचा उंचवटा खुजा दिसतो. ताम्रयुक्त बुरशीनाशके फवारलेल्या शेतांतील नमुन्यांत हे विशेष सांभाळावे लागते. फेरोसायनाइड घालून तांबे बांधून टाकता येते. नमुन्यातील सेंद्रिय द्रव्य अग्राला चिकटते, म्हणून अग्रावर नॅफिऑन या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पातळ पापुद्रा देतात. बिस्मथ स्वतःच सुमारे -०.२ व्होल्टला सुटू लागत असल्याने त्याहून धन दाबाला सुटणारे घटक त्यावर मोजता येत नाहीत. जास्त आम्लधर्मी नमुन्यांत अँटिमनीचे अग्र अधिक टिकते, तर बोरॉनयुक्त हिऱ्याचे अग्र दोन्ही बाजूंना मोठा पल्ला देते. पण त्यावर धातू मुरत नाही, नुसता वरवर बसतो. छापील कार्बन पट्ट्या स्वस्त असून एकदा वापरून टाकता येतात.

आर्सेनिक व खुद्द पारा मोजण्यासाठी मात्र सहसा सोन्याचे अग्र घेतात. पारा सोन्यात मुरतो आणि मोजून झाल्यावरही त्याचा अंश मागे राहतो. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम इतकी कडक असल्याने हा अंशही पुढचे मापन बिघडवतो. म्हणून प्रत्येक नमुन्याआधी सोन्याचे अग्र विरल गंधकाम्लात दाब वरखाली फिरवून स्वच्छ करतात व कोऱ्या द्रावात त्याचा आलेख सपाट येतो का, हे पाहूनच पुढे जातात.