ग्रीन बँक : डोंगर, कायदा आणि राखलेली शांतता

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, पोकाहाँटस काउंटीत, ग्रीन बँक हे दीडशेच्या आसपास वस्तीचे खेडे आहे. अ‍ॅलेघेनी डोंगररांगा इथे ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे एकीला एक समांतर धावतात आणि त्यांच्या मधल्या लांबट खोऱ्यांत शेते, कुरणे आणि वाड्या आहेत. गावाची उंची सुमारे २,७०० फूट. पश्चिमेचा बाल्ड नॉब ४,८०० फुटांच्या वर जातो. या काउंटीत आठ नद्या उगम पावतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली मोठी चहलपहल लाकडाची होती. जवळच्या कॅस गावी १९०१च्या सुमारास स्प्रूस वृक्षांच्या तोडीसाठी गिरणी आणि रेल्वे आली. चढ इतका की साध्या इंजिनाची चाके घसरत. म्हणून दातेरी चक्रांनी सगळी चाके फिरवणारी ‘शे’ जातीची इंजिने वापरली. ती गिरणी १९६०मध्ये बंद झाली. तोवर शेजारच्या ग्रीन बँकमध्ये अगदी वेगळ्या कामाची पायाभरणी झाली होती.

१९५०च्या दशकात राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेसाठी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणींसाठी, जागेचा शोध चालू होता. वस्ती विरळ हवी, वादळे आणि बर्फाचा मारा बेताचा हवा, जागा दक्षिणेकडेही हवी. ही शेवटची अट का, ते गणिताने कळते. आकाशगंगेचे केंद्र खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला आहे आणि ग्रीन बँक ३८.४ अंश उत्तर अक्षांशावर. म्हणजे ते केंद्र इथे क्षितिजाच्या वर जेमतेम साडेबावीस अंश चढते. डोंगर असे हवेत की शहरांचा रेडिओ गोंगाट अडेल, पण दक्षिणेचे आकाश झाकले जाणार नाही. या खोऱ्यात ते जुळले. सुमारे २,७०० एकर जमीन घेतली गेली. तीत पिढ्यान् पिढ्या कसलेली शेतेही होती, आणि ती सोडणे कुटुंबांना सोपे गेले नसणार.

डोंगर पुरेसे नव्हते. १९५६मध्ये राज्याने कायदा करून वेधशाळेभोवती दहा मैलांपर्यंत विद्युत उपकरणांच्या उपद्रवावर निर्बंध घातले. १९५८मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने सुमारे १३,००० चौरस मैलांचा ‘राष्ट्रीय रेडिओ शांतता पट्टा’ आखला. पट्ट्यात रेडिओ बंद आहे, असा एक गैरसमज आहे. तसे नाही. नवा किंवा बदललेला स्थिर, परवानाधारक प्रक्षेपक उभारायचा तर वेधशाळेशी समन्वय साधावा लागतो. मधल्या डोंगररांगा धरून दुर्बिणीपाशी किती शक्ती पोचेल हे काढतात, आणि ती मर्यादेबाहेर गेली तर शक्ती कमी करणे, मनोरा ठेंगणा करणे किंवा अँटेनाचे तोंड फिरवणे असे उपाय सुचवतात. वेधशाळेच्या अगदी जवळ मात्र नियम खूपच कडक आहेत.

एवढी काळजी कशाला? रेडिओ खगोलशास्त्रात तीव्रतेचे एकक जान्स्की आहे : एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झमागे, १ वॉटचा १०^२६वा भाग. आता एक वॉटचा मोबाइल घ्या आणि त्याची शक्ती दहा लाख हर्ट्झ रुंदीच्या वारंवारता-पट्ट्यात, सर्व दिशांना सारखी पसरते असे धरा. तो चंद्रावर असेल तर पृथ्वीवर सुमारे ५४ जान्स्की पोचतील. दुर्बिणीपासून एक किलोमीटरवर असेल तर ८ लाख कोटी जान्स्की! दूरच्या दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांचे, संकेत मात्र जान्स्कीच्या हजाराव्या भागात मोजले जातात. दुर्बीण दुसरीकडे वळवूनही सुटका होत नाही, कारण तबकडीच्या कडेने आणि मागून थोडे थोडे आत येतच असते.

खगोलशास्त्रासाठी काही वारंवारता राखून ठेवलेल्या असताना एवढे खोरे कशाला हवे, हा प्रश्न रास्त आहे. हायड्रोजनचा संकेत १,४२०.४ मेगाहर्ट्झवर येतो आणि १,४०० ते १,४२७ हा पट्टा राखीव आहे. पण विश्व प्रसरण पावते आहे. तरंगलांबी पाच टक्क्यांनी ताणली गेलेल्या दीर्घिकेचा तोच संकेत १,३५३ मेगाहर्ट्झवर दिसतो, आणि तिथे विमान वाहतुकीवर नजर ठेवणारे रडार असतात. कागदावरचे आरक्षण तिथवर पोचत नाही. भूगोल पोचतो.

इथल्या रोजच्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोंगाटाची शोधमोहीम. पेट्रोल इंजिनात प्रत्येक ठिणगीबरोबर शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरणारा स्पंद निघतो. डिझेल दाबाने पेटते, ठिणगी लागत नाही. म्हणून दुर्बिणीजवळ डिझेलच्याच गाड्या चालतात. मायक्रोवेव्ह ओव्हन वापरायचा तर धातूच्या बंद पिंजऱ्यात. त्याच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. पिंजऱ्याच्या दारात सहा सेंटिमीटर लांबीची फट राहिली तर ती फटच अँटेनासारखी वागते. त्यामुळे दाराच्या कडेला धातूच्या लवचीक पट्ट्या बसवतात, आणि त्या झिजल्या की बदलाव्या लागतात.

गावातले दोषी बहुधा साधे असतात. विजेच्या खांबावर चिरलेला इन्सुलेटर किंवा ढिला बोल्ट असला की तिथे बारीक ठिणगी उडते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची असल्याने ती १२० ठोक्यांच्या तालात येते आणि त्या तालावरून ओळखू येते. जनावरांच्या विद्युत कुंपणाला ओले गवत चिकटले तर सेकंदाला एखादा टिचका येतो. गवत कापले की तो थांबतो. जुनी, तार झिजलेली विजेची चादरही असा त्रास देते. उपकरणे बसवलेली गाडी गावात फिरवून आधी दिशा काढायची, मग हातातल्या अँटेनाने नेमके घर किंवा खांब गाठायचा. त्यानंतरचे काम बहुधा मालकाशी बोलून, ती वस्तू दुरुस्त करून किंवा बदलून देऊन होते.

या शांततेत १९६०च्या एप्रिलमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी ८५ फुटी दुर्बिणीने टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या ताऱ्यांकडून बुद्धिमान जीवांचे संकेत येतात का, हे पाहिले. काही आले नाहीत, पण त्या शोधाची पद्धत इथेच रुजली. १९६२मध्ये ३०० फुटी दुर्बीण उभी राहिली : स्वस्तात, दोन वर्षांच्या आत आणि काही वर्षांपुरतीच. ती फक्त उत्तर-दक्षिण हलायची. पूर्व-पश्चिम आकाश पृथ्वीच्या फिरण्याने समोरून सरकायचे. तीच दुर्बीण २६ वर्षे चालली आणि १५ नोव्हेंबर १९८८च्या रात्री कोसळली. सांगाडा जोडणारी एक पोलादी पट्टी तडकली होती. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

तिच्या जागी सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पाठपुराव्याने आलेली ग्रीन बँक दुर्बीण २०००मध्ये पूर्ण झाली. तबकडी १०० गुणिले ११० मीटर, उंची १४८ मीटर, वजन सात हजार टनांवर, आणि हे सारे १६ चाकांवर गोल रुळावर फिरते. संकेत टिपणारा भाग तबकडीच्या मध्यावर न धरता एका बाजूच्या हातावर धरला आहे. त्यामुळे आधाराच्या खांबांची सावली पडत नाही आणि जमिनीची उष्ण रेडिओ ऊर्जा खांबांवरून विखुरून आत येत नाही. एवढे पोलाद वळताना स्वतःच्या वजनाने वाकते. म्हणून पृष्ठभागाच्या २,००४ पत्र्यांखाली २,२०९ मोटारी आहेत आणि त्या पत्रे पुन्हा नेमक्या आकारात आणतात. या दुर्बिणीने अतिजड न्यूट्रॉन तारे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांचे उरलेले अतिघन गाभे, मोजले. २०२३मध्ये गुरुत्वीय लहरींच्या (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांच्या) संथ पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर झाले, त्यातही तिची नोंद होती. त्याच दिवसांत जाहीर झालेल्या भारत-युरोपच्या निष्कर्षांत नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे होती. तिथेही जागा निवडताना आसपासच्या डोंगरांचा आडोसा पाहिला गेला होता.

गावाला याची किंमत मोजावी लागते. मोबाइलला रेंज नाही आणि बरीच वर्षे शाळेत वायफाय नव्हते. डोंगरात रुग्णवाहिका आणि पोलिसांचा रेडिओ संपर्क तुटतो ही जुनी तक्रार आहे, आणि ती खरीच आहे. मोबाइल लहरींनी आजारी पडतो असे मानणारी काही माणसे या गावी राहायला आली. त्यांचा त्रास खरा असतो. पण लहर चालू की बंद हे न सांगता केलेल्या चाचण्यांत लक्षणांचा संबंध लहरींशी जुळत नाही.

आता संकेत थेट डोक्यावरून येतात. हजारो उपग्रह इंटरनेट देतात आणि त्यांच्यापुढे डोंगर आड येत नाहीत. त्यामुळे वेधशाळा दुर्बीण कुठे वळली आहे आणि कोणत्या वारंवारतेवर ऐकते आहे, ही माहिती ते उपग्रह चालवणाऱ्या कंपनीला तत्काळ पुरवते. उपग्रह त्या दिशेतून जाताना आपला झोत बाजूला वळवतो. अशा चाचण्या ग्रीन बँकमध्ये झाल्या आहेत.