खोटं बोलणारा उंचीमापक

शिडीने विमानात चढायची वेळ आली, की मी रांगेतून जरा मान वाकडी करून विमानाच्या नाकाकडची बाजू बघून घेतो. तिथे पत्र्यावर एक छोटी गुळगुळीत चकती असते. तिच्यात सुईने टोचल्यासारखी भोकं असतात आणि बऱ्याच विमानांवर बाजूला बारीक अक्षरांत सूचनाही असते : भोकं बुजवू नका, हा भाग स्वच्छ ठेवा. शे-दीडशे माणसांना घेऊन ढगांच्या वर जाणाऱ्या या यंत्राला आपण किती उंचीवर आहोत हे कळतं, ते या भोकांमधून. स्टॅटिक पोर्ट म्हणतात त्यांना.

बाहेरच्या हवेचा दाब या भोकांतून आत पोचतो. वर जावं तसा तो कमी होतो. समुद्रसपाटीजवळ साधारण ३० फूट चढलं, की एक हेक्टोपास्कलने. विमानातला मुख्य उंचीमापक हा खरं तर दाबमापकच आहे, फक्त तो दाबाऐवजी फूट सांगतो. हवामान बदललं की दाबही बदलतो, म्हणून विमान उतरण्याआधी नियंत्रण कक्ष त्या विमानतळावरचा त्या घटकेचा दाब कळवतो आणि वैमानिक तो आकडा यंत्रात भरतात. तिथे एका हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंचीत जवळपास ३० फुटांची चूक झालीच म्हणून समजा.

प्रवासी विमानात उंची सांगणारं दुसरंही एक यंत्र असतं, रेडिओ अल्टिमीटर. त्याचे अँटेना विमानाच्या पोटाखाली असतात, आणि साधारण २,५०० फुटांच्या खाली आलं की त्याचं काम सुरू होतं. दोघांचं मोजायचं मूळच वेगळं. पुण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच आहे. तिथे चाकं टेकली, तरी समुद्रसपाटीवरून मोजणारा दाबाचा उंचीमापक १,९०० दाखवतो. रेडिओ अल्टिमीटर दाखवतो शून्य, कारण त्याला फक्त खालच्या जमिनीशी देणंघेणं.

हा रेडिओ अल्टिमीटर चालतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. एखादा गायक मींड घेत खालच्या सावरून वर चढतो आहे आणि समोरच्या डोंगरावरून त्याचा प्रतिध्वनी येतो आहे, असं समजा. प्रतिध्वनी परत पोचेपर्यंत गायक थोड्या वरच्या स्वरावर गेलेला असतो. या क्षणी गळ्यात कुठला स्वर आहे आणि कानावर कुठला पडतो आहे, त्यांतलं अंतर मोजलं की डोंगर किती लांब आहे ते निघतं. रेडिओ अल्टिमीटर हेच करतो. तो ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात आपली लहर सतत सरकवत राहतो आणि जमिनीवरून परत आलेल्या लहरीशी तिची तुलना करतो. पन्नास फुटांवरून ती लहर खाली जाऊन परत यायला लागतो सेकंदाचा एक कोटीवा भाग. तेवढ्या वेळाचं मोजमाप घेऊन हे यंत्र कॉकपिटमध्ये फूट मोजून दाखवतं, आणि शेवटी शेवटी मोठ्याने म्हणतंही : फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी, टेन.

आता ही यंत्रं बिघडली तर? आपल्याला वाटतं की बिघडलेलं यंत्र म्हणजे बंद पडलेलं यंत्र. काळा पडदा, लाल दिवा. तसा बिघाड विमानाला फारसा घाबरवत नाही. घाबरवतो तो चुकीचा आकडा, जो बरोबर असल्याच्या थाटात येतो.

२ ऑक्टोबर १९९६ च्या मध्यरात्रीनंतर पेरू देशातल्या लिमाहून एरोपेरूचं बोइंग ७५७ विमान चिलीच्या सँटियागोकडे निघालं. त्याआधी विमान धुऊन पुसून चकचकीत केलं होतं. पाणी आत जाऊ नये म्हणून स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती, आणि काम झाल्यावर ती काढायची राहिली. अंधारात कुणाच्या नजरेसही पडली नाही. वेग मोजायलाही याच भोकांतला दाब लागतो, म्हणून उड्डाण झाल्याबरोबर वेग आणि उंची दोन्हींचे आकडे बहकले. वेग प्रमाणाबाहेर वाढल्याचा इशारा आणि वेग फार कमी पडल्याचा इशारा, दोन्ही एकाच वेळी वाजायला लागले. खाली समुद्र होता आणि वर मिट्ट काळोख, बाहेर बघून अंदाज घ्यायला एक दिवाही नाही. वैमानिकांनी नियंत्रकाला विचारलं, आमची उंची किती? त्याने पडद्यावर पाहून सांगितलं, ९,७०० फूट.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या अपघातात मला सगळ्यांत जास्त टोचते ती हीच गोष्ट. नियंत्रकाच्या पडद्यावरचा उंचीचा आकडा रडारने मोजलेला नसतो. विमानातला ट्रान्सपाँडर तो खाली पाठवतो, आणि ट्रान्सपाँडरला तो मिळतो विमानाच्याच दाब-उंचीमापकाकडून. वैमानिकांना वाटलं, की आपल्याला दुसरा साक्षीदार मिळाला. तो होता पहिल्याच साक्षीदाराचा प्रतिध्वनी. खरं बोलणारा एकच जण त्या विमानात होता, रेडिओ अल्टिमीटर. त्याच्या जोरावर जमीन जवळ आल्याचा इशारा वारंवार वाजत होता. पण इतक्या खोट्या इशाऱ्यांच्या गर्दीत हा एक खरा आहे, हे ओळखायचं कसं? विमान पॅसिफिकच्या पाण्यावर आदळलं. विमानातले सगळेच्या सगळे ७० जण गेले.

साडेबारा वर्षांनी नेमकं उलटं घडलं. २५ फेब्रुवारी २००९ ला टर्किश एअरलाइन्सचं बोइंग ७३७-८०० इस्तंबूलहून ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरत होतं. विमानात १२८ प्रवासी आणि ७ कर्मचारी होते. सहवैमानिक प्रशिक्षणात होता आणि विमान तोच चालवत होता. कॅप्टन त्याला शिकवत होता, आणि लक्ष ठेवायला मागे तिसरा वैमानिकही बसला होता. विमान १,९५० फुटांवर असताना डावीकडच्या रेडिओ अल्टिमीटरने अचानक उणे ८ फूट असा आकडा द्यायला सुरुवात केली. म्हणजे विमान जमिनीच्याही आठ फूट खाली! उजवीकडचा रेडिओ अल्टिमीटर ठीक होता. दाबाचे उंचीमापकही ठीक होते.

विमानातली यंत्रं एकमेकांना नुसता आकडा पाठवत नाहीत, आकड्यासोबत एक खूण जाते : आकडा वैध आहे, आकडा उपलब्ध नाही, किंवा यंत्र नादुरुस्त आहे. त्या दिवशी उणे आठवर "वैध" अशी खूण होती. डाव्या रेडिओ अल्टिमीटरवर ऑटोथ्रॉटल अवलंबून होतं. इंजिनांचा जोर आपणहून कमीजास्त करणारी ही यंत्रणा. तिने त्या खुणेवर विश्वास ठेवला. तिच्या हिशेबी विमान टेकत होतं, आणि टेकताना इंजिनांचा जोर काढून घ्यायचा हे तिला शिकवलेलं होतं. तिने तो काढून घेतला. ऑटोपायलट मात्र उजव्या, चांगल्या यंत्राकडे बघत होता. तो विमानाला उतरणीच्या ठरलेल्या रेषेवर धरायला धडपडत राहिला आणि जोर कमी पडतोय तसं नाक वर उचलत गेला. एकाच विमानातल्या दोन यंत्रणा, दोन वेगळ्या उंचींवर विश्वास ठेवून काम करत होत्या.

वैमानिकांच्या लक्षात कसं आलं नाही, असं आपण घरी बसून म्हणू शकतो. पण त्या दिवशी विमानाला उतरणीची रेषा वरून खाली येत गाठायची होती. अशा वेळी वेग कमी करायला इंजिनं आधी मंदच ठेवतात. म्हणजे चुकीचा जोर काही वेळ अगदी बरोबर दिसत होता. जमीन जवळ असून चाकं बाहेर नाहीत, असा इशारा आधी वाजला होता, आणि तो रेडिओ अल्टिमीटरमुळे वाजतोय हेही कॅप्टनने ओळखलं होतं. पण तेच यंत्र इंजिनांचाही जोर काढून घेऊ शकतं, हा दुवा कुणाच्या मनात जुळला नाही. ठरलेला वेग होता १४४ नॉट. तो त्याच्या कितीतरी खाली गेला आणि ४६० फुटांवर हातातला दांडा थरथरू लागला, म्हणजे पंखांचा आधार सुटत चालल्याची शेवटची सूचना. सहवैमानिकाने इंजिनाचे दांडे पुढे ढकलायला घेतले, तेवढ्यात कॅप्टनने विमान आपल्या ताब्यात घेतलं. हातबदल होताना दांड्यांवरचा हात निघाला आणि अजून चालूच असलेल्या ऑटोथ्रॉटलने ते पुन्हा मागे ओढले. पूर्ण जोर मिळेपर्यंत आणखी काही सेकंद गेले. विमान धावपट्टीच्या सुमारे दीड किलोमीटर अलीकडे एका शेतात पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. आग लागली नाही. नऊ जण दगावले, त्यांत तिन्ही वैमानिक होते.

या दोन अपघातांकडे बघितलं की सुरक्षेचे नियम असे का आहेत ते उलगडतं. मोठ्या प्रवासी विमानाच्या आराखड्याचा मूळ दंडक असा, की कुठल्याही एका बिघाडाने विमान पडता कामा नये, आणि ज्याने सर्वनाश ओढवेल अशा बिघाडाची शक्यता उड्डाणाच्या शंभर कोटी तासांत एक इतकी दुर्मीळ असावी. म्हणून यंत्रं दोन, काही विमानांत तीनही. पण दोन यंत्रं असून भागत नाही, ती एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. दोघांत तफावत आली की कुणीतरी चुकतंय एवढं कळतं, कोण ते कळत नाही. ते कळायला तिसरा लागतो. आणि तिघेही एकाच भोकातून श्वास घेत असतील, तर तिसऱ्याचाही उपयोग नाही.

ताडून बघायची ही सवय उड्डाणाआधीच सुरू होते. जमिनीवर उभं असताना दाबाचा उंचीमापक विमानतळाच्या खऱ्या उंचीपेक्षा ७५ फुटांहून जास्त चुकला, तर त्याच्याकडे संशयाने बघायचं. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात तर हे आणखी काटेकोर. पूर्वी तिथे वरखाली उडणाऱ्या दोन विमानांत २,००० फूट अंतर ठेवत. आता १,००० ठेवतात. भारतात हे नोव्हेंबर २००३ पासून लागू आहे. अंतर निम्मं करायचं तर उंचीमापकांवर तेवढा भरवसा हवा, म्हणून दोन मुख्य उंचीमापकांतला फरक २०० फुटांच्या आत असायलाच हवा. एक जरी बिघडला, तरी वैमानिकाने नियंत्रकाला लगेच कळवायचं, म्हणजे तो आजूबाजूची विमानं लांब सरकवतो.

मग प्रवाशांना न पटणारा एक नियम येतो. प्रत्येक विमानासाठी मिनिमम इक्विपमेंट लिस्ट, एमईएल, नावाची मंजूर यादी असते. कुठलं यंत्र बंद असताना कुठल्या अटींवर आणि किती दिवस उडता येईल, ते तिच्यात असतं. वर्ग ब असेल तर तीन दिवसांत दुरुस्ती, क असेल तर दहा दिवसांत. एक रेडिओ अल्टिमीटर बंद असलेलं विमानही या यादीनुसार उडू शकतं. नादुरुस्त यंत्र घेऊन उडू कसं देतात, असं कुणालाही वाटेल. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. बंद आहे हे माहीत असलेलं यंत्र वैमानिकाला फसवत नाही. त्याच्यावर विसंबणारी कामं आधीच काढून घेतलेली असतात : दाट धुक्यात आपोआप उतरायचं नाही, त्या यंत्रावर चालणारी ऑटोथ्रॉटलसारखी मदत घ्यायची नाही. स्किपोलच्या विमानातलं ते यंत्र पूर्ण बंद पडलं असतं, तर आकड्यासोबत "नादुरुस्त" ही खूण गेली असती आणि ऑटोथ्रॉटलने त्याचं ऐकलं नसतं.

अपघातानंतर बोइंगने आठवड्याभरातच सगळ्या कंपन्यांना सावध केलं, आणि पुढे अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने त्या जातीच्या विमानांतला ऑटोथ्रॉटलचा संगणक बदलणं बंधनकारक केलं. नवा संगणक डाव्या आकड्यावर एकट्यावर विसंबत नाही, दोन्ही रेडिओ अल्टिमीटर ताडून पाहतो. अशा हुकमाला एअरवर्दिनेस डिरेक्टिव्ह म्हणतात. तो पाळला नाही, तर विमान उडू शकत नाही.

अलीकडे असाच एक हुकूम जगभर गाजला, आणि त्यात यंत्राचा काहीच दोष नव्हता. अमेरिकेत फाइव्ह-जीसाठी ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला. रेडिओ अल्टिमीटरच्या ४.२ ला तो जवळचा शेजारी. जमिनीवरून परत येणारी लहर फार क्षीण असते. शेजारी मोठ्याने बोलत असेल तर ती ऐकू येईलच असं नाही. एफएएने डिसेंबर २०२१ मध्ये हुकूम काढून जवळपास ही फाइव्ह-जी सेवा असलेल्या विमानतळांवर धुक्यातल्या उतरणीवर बंधनं घातली. १९ जानेवारी २०२२ ला ती सेवा सुरू व्हायच्या सुमारास एअर इंडियानेही अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली होती. पुढे विमानांत शेजारचा गोंगाट अडवणारे फिल्टर बसवावे लागले. भारतातला फाइव्ह-जीचा पट्टा ३.३ ते ३.६७, म्हणजे आणखी लांबचा. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवलं, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्याची केंद्रं उभारू नका. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी त्यावरून बरीच कुरकूर केली. फोनला रेंज मिळत नाही ही तक्रार खरीच आहे, पण या बाबतीत मी अल्टिमीटरच्या बाजूने आहे.

स्किपोलच्या विमानाचा फ्लाइट रेकॉर्डर उघडला, तेव्हा त्यात आधीच्या काही उड्डाणांचीही माहिती होती. त्यांतल्या दोन उतरण्यांच्या वेळी डाव्या रेडिओ अल्टिमीटरने हाच खोटा आकडा दिला होता. दोन्ही वेळा विमान सुखरूप उतरलं होतं. जमिनीवर तपासायला घेतलं, की असलं यंत्र बहुतेक वेळा शहाण्यासारखं वागतं आणि तंत्रज्ञाला त्यात काहीच दोष सापडत नाही. म्हणून प्रत्येक विमानात एक टेक्निकल लॉग असतो. उतरल्यावर वैमानिकाने दिसलेली विसंगती त्यात लिहायची, मग ती दोन सेकंदांची का असेना, आणि पुढच्या वैमानिकाने सही करण्याआधी ती पानं वाचायची.