प्रगामी तरंगातील कला आणि कणगती

माध्यमातून पुढे सरकत जाणाऱ्या आंदोलनाला प्रगामी तरंग म्हणतात. पुढे जाते ती आंदोलनाची अवस्था आणि तिच्याबरोबरची ऊर्जा. माध्यमाचे कण आपापल्या जागेभोवती झुलत राहतात. एखादा कण आंदोलनाच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे कलेवरून कळते. कला कोनात मोजतात. एक पूर्ण आंदोलन म्हणजे ३६०°.

चंद्रकलेतली कला तीच. शुद्ध अष्टमीला आणि वद्य अष्टमीला चंद्र अर्धाच दिसतो, पण एक वाढता, दुसरा घटता. कणाचेही तसेच. दोन कण मूळ जागेपासून सारख्याच उंचीवर असतील, पण एक चढत आणि दुसरा उतरत असेल, तर विस्थापन समान असूनही त्यांची कला वेगळी. नुसती उंची पाहून ‘समान कला’ लिहिणे ही उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक; पक्ष विचारल्याशिवाय तिथी सांगण्यासारखीच.

कासऱ्याचे एक टोक गोठ्यातल्या खुंट्याला बांधावे, मध्ये एक तांबडी चिंधी अडकवावी आणि दुसरे टोक हातात धरून वर-खाली हलवावे. लाट खुंट्याकडे धावते. चिंधी मात्र आहे तिथेच वर-खाली होते. हाताकडच्या शेजारी भागाने क्षणापूर्वी जे केले, तेच ती आता करते. त्यामुळे कोणत्याही क्षणी कण कुठे निघाला आहे हे ओळखायचे, तर लाट जिकडून येते तिकडच्या शेजाऱ्याकडे पाहावे. तो वर असेल तर आपला कण चढणार, खाली असेल तर उतरणार. म्हणूनच शीर्षाच्या, म्हणजे लाटेच्या सर्वांत उंच जागेच्या, पुढच्या उतारावरचे कण चढत असतात आणि मागच्या बाजूचे उतरत असतात. चित्राकडे पाहून बहुतेकांना उलटेच वाटते, कारण डोळा लाटेवरून घसरत जातो. गणिताच्या भाषेत, कणाचा वेग म्हणजे तरंगवेग गुणिले त्या ठिकाणचा चढ, ऋण चिन्हासह.

शीर्षावर आणि दरीत कण क्षणभर थांबतो, मूळ जागेवरून जाताना सर्वांत वेगात असतो. समजा, कासऱ्यावर तरंगवेग सेकंदाला ४ मीटर, तरंगलांबी (एका शीर्षापासून पुढच्या शीर्षापर्यंतचे अंतर) २ मीटर आणि आयाम (मूळ जागेपासूनचे कमाल विस्थापन) ५ सेंटीमीटर आहे. वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आंदोलने, २ हर्ट्झ येते आणि चिंधीचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ०.६३ मीटर. हात जास्त उंच हलवला तर चिंधीचा वेग वाढेल. लाटेचा वेग दोराच्या ताणावर आणि वजनावर ठरतो, तो तसाच राहील. चिंधीपासून खुंट्याकडे अर्धा मीटर पुढचा बिंदू तिच्या ९०° मागे, म्हणजे १/८ सेकंद उशिराने तेच करतो. एक तरंगलांबी अंतरावरचे कण पुन्हा समान कलेत येतात.

माण-खटावाकडे वाऱ्याने डुलणाऱ्या शाळूच्या रानावरूनही लाट पळताना दिसते आणि ताटे जागच्या जागी वाकतात. मात्र तिथे ताटाला वारा हलवतो, शेजारचे ताट नव्हे. कऱ्हाडकडून सांगलीच्या आयर्विन पुलाकडे येणारी पुराची लाट तर या नोंदीत बसतच नाही. तिथे पाणी स्वतःच वाहत येते.

मिरजेच्या तंबोऱ्याची तार छेडली की उठतो तो स्थिर तरंग. त्यात लगतच्या दोन निस्पंदांमधले (निस्पंद म्हणजे अजिबात न हलणारा बिंदू) सगळे कण एकाच कलेत असतात, आयाम मात्र जागोजागी वेगळा. प्रगामी तरंगात नेमके उलट: ऊर्जा वाटेत खर्ची पडत नसेल तर आयाम सगळीकडे सारखा, कला जागोजागी वेगळी.

ध्वनी हा अनुतरंग. हवेचे कण तरंगाच्याच दिशेने मागे-पुढे होतात. संपीडनाच्या, म्हणजे हवा दाटलेल्या भागाच्या, मध्यावरचा कण मूळ जागीच असतो, पण तरंगाच्या दिशेने कमाल वेगात. विरलनाच्या, म्हणजे हवा विरळ झालेल्या भागाच्या, मध्यावरचा तितक्याच वेगाने उलट दिशेला.

भूकंपात असा अनुतरंग आणि कासऱ्यावरच्यासारखा आडवा तरंग, दोन्ही प्रकार येतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कठीण खडकात प्राथमिक तरंग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि दुय्यम सुमारे ३.५ किलोमीटर जातात असे धरले, तर कोयनानगरपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवरच्या साताऱ्यात पहिला ७ सेकंदांत आणि दुसरा ११-१२ सेकंदांत पोहोचतो. पहिल्यात पायाखालची जमीन तरंगाच्या दिशेने मागे-पुढे हलते, दुसऱ्यात त्या दिशेला आडवी.