वेलास्केस: शिधा न्हाव्याचा, काम फरासखान्याचे

दिएगो वेलास्केस 1623 मध्ये महिना 20 डुकाटवर स्पेनच्या चौथ्या फिलिपचा चित्रकार झाला. पाच वर्षांनी त्याला राजवाड्याच्या कोठीतून रोजचा शिधा मंजूर झाला. किती? राजाच्या न्हाव्यांना मिळे तेवढाच. यात अपमान करायचा हेतू नव्हता. तेव्हाच्या स्पेनमध्ये चित्रकाराची गणती कारागिरांतच होई, आणि चित्रांवर विक्रीकर लावावा की नाही यावरून चित्रकार कोर्टकचेऱ्या करत होते.

त्यामुळे वर चढायची वाट कुंचल्यातून नव्हे, खाजगीकडच्या हुद्द्यांतून जात होती. 1627 मध्ये दरबारी चित्रकारांची स्पर्धा जिंकल्यावर बक्षीस काय, तर राजदालनाच्या द्वारपालाची जागा. 1636 मध्ये वस्त्रागार, 1643 मध्ये राजाच्या खासगी दालनातली नोकरी, 1652 मध्ये वाड्याच्या व्यवस्थापकाचे पद. शेवटच्या कामात गालिचे, फर्निचर, झाडलोट, सरपण आणि राजाच्या प्रवासातले मुक्काम, सगळे आले. इतक्या व्यापात त्याची आज ओळखता येणारी चित्रे जेमतेम 120च्या आसपास आहेत, याचे नवल वाटू नये.

तो आधी कच्ची रेखाटने फारशी करत नसे, कॅनव्हासवरच फेरफार करी. राजाच्या एका सुरुवातीच्या पूर्णाकृती चित्रात त्याने पायांची ठेवण आणि झग्याची कड नंतर बदलली. तेलरंगाचा वरचा थर वयाबरोबर पारदर्शक होतो, म्हणून झाकलेले जुने पाय आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

‘लास मेनिनास’ (1656) या चित्रात त्याने स्वतःलाही रंगवले आहे; त्यातल्या त्याच्या छातीवरचा लाल क्रूस, म्हणजे सांतियागो या मानाच्या सरदारमंडळाची खूण, मात्र नंतरचा आहे. या मंडळात शिरायला खानदानी रक्त लागे, आणि हाताच्या कामावर पोट भरलेले चालत नसे. चौकशीत 148 साक्षी झाल्या. हा माणूस दुकान मांडून चित्रे विकत नव्हता, राजासाठीच रंगवत होता, अशी ग्वाही सहकारी चित्रकारांनीही दिली. मंडळाला तरी घराण्याचा पुरावा पुरेसा वाटला नाही. अखेर पोपकडून सूट आणून नोव्हेंबर 1659 मध्ये त्याला सरदार केले.

पुढच्याच उन्हाळ्यात राजकन्येच्या लग्नासाठी फ्रान्सच्या सीमेवरच्या बेटावरचा मंडप सजवून तो माद्रिदला परतला आणि 6 ऑगस्ट 1660 रोजी वारला. वाड्याच्या हिशेबात त्याच्याकडे बाकी निघते म्हणून त्याच्या मालमत्तेवर जप्ती आली. ती उठायला पुढे काही वर्षे गेली.