शक्ती-तुरा

शक्ती-तुरा : शक्ती थोर की शिव, या वादावर दोन पक्षांनी केलेले सवाल-जबाबाचे गायन आणि जाखडी नाच मिळून होणारा कोकणातील लोककलाप्रकार. मुख्य प्रसार रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांत, काही प्रमाणात सिंधुदुर्गात. कुणबी समाजात विशेष. गोकुळाष्टमीपासून गौरी-गणपतीपर्यंत त्याचा मुख्य हंगाम. जाखडी, बाल्या नाच, चेऊली नाच ही नावेही रूढ आहेत. नाचणारे एकमेकांना साखळीसारखे जखडून घेतात म्हणून ‘जाखडी’, अशी व्युत्पत्ती सांगतात. ‘बाल्या’चा संबंध कानांतल्या बाळ्यांशी जोडला जातो, मुंबईत घरगडी म्हणून राबणाऱ्या कोकण्याला पूर्वी याच नावाने हाक मारीत, आणि नाचाला ते तिकडूनच चिकटले असणे अधिक संभवते. नाच तो जाखडी आणि सामना तो शक्ती-तुरा, हा भेद गावच्या फलकांवर पाळलेला दिसत नाही. या नोंदीत पाळला आहे.

नावाची जोडी विजोड आहे. घाटावर, विदर्भात आणि महाराष्ट्राबाहेरही हा वाद ‘कलगी-तुरा’ म्हणून ओळखला जातो. कलगी आणि तुरा हे दोन्ही पागोट्यावरचे अलंकार. कलगी ही शक्तीची, म्हणजे आदिमायेची, प्रकृतीची खूण. तुरा शिवाची, पुरुषाची. कोकणात एका पक्षाने कलगी उतरवून ठेवली आणि थेट दैवताचे नाव घेतले. दुसरा पक्ष मात्र ‘शिववाला’ न होता तुरेवालाच राहिला. एकीकडे तत्त्व आणि दुसरीकडे शिरपेच असा हा सामना नावापासूनच तिरपा पडतो, आणि शक्तीवाले शाहीर या तिरपेपणाचा टोमण्यासाठी उपयोग करायला चुकत नाहीत.

उगमाविषयी तीन मते आढळतात. पहिले मत या वादाची मुळे ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’पर्यंत, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नेते. त्या ग्रंथाचे पहिले प्रकरण शिव-शक्तीच्या समावेशनाचे आहे, हे खरे. पण देव आणि देवी यांत थोरला-धाकटा ठरवताच येत नाही, हेच तर त्या प्रकरणाचे म्हणणे. आणि थोरले कोण हे ठरवण्याची खटपट हा शक्ती-तुऱ्याचा प्राण. सामग्री तिथली असेल, भांडण तिथले नव्हे.

दुसरे मत उत्तरेकडचे आहे. तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांच्या गायनावर प्रसन्न होऊन चंदेरीच्या राजाने एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी ही आख्यायिका. राजस्थानात चितोडच्या परिसरातील तुर्रा-कलंगी ख्यालांत (लोकनाट्यांत) ती आजही सांगितली जाते. तिचा काळ कोणी सोळाव्या, तर कोणी सतराव्या शतकात धरतात. तिसरे मत दक्षिणेकडचे : नागेश हा कलगीचा आणि हरदास हा तुऱ्याचा मूळ पुरुष. या मताला शेजारून चांगला आधार मिळतो, कारण उत्तर कर्नाटकातील लावणी गाणाऱ्यांचे पक्ष हरदेशी आणि नागेशी याच नावांनी ओळखले जातात, आणि त्यांतही नागेशी स्त्रीतत्त्वाची, हरदेशी पुरुषतत्त्वाची बाजू घेतात.

दोन मूळपुरुष हे बहुधा दोन पक्षांना पुरवलेले पूर्वज असावेत. कलगी आणि तुरा हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले, हे अधिक बोलके आहे. दरबारी शिरोभूषणाची ओळख झाल्याखेरीज पक्षांना ही नावे पडणे कठीण. म्हणून तत्त्वविचार कितीही जुना असला तरी पक्ष म्हणून बांधणी त्यानंतरची, आणि तिची भरभराट अनंत फंदी (१७४४–१८१९), राम जोशी (१७६२–१८१३) या शाहिरांच्या पिढीची, असे मानणे सुरक्षित वाटते.

घाटावरचा फड डफ-तुणतुण्यावर उभ्याने गातो. कोकणात हाच वाद रिंगणाच्या पोटात जाऊन बसला. शाहीर, ढोलकीवाला आणि झील धरणारे (मागून ध्रुपद उचलणारे) मधोमध बसतात. भोवती आठ-दहा किंवा अधिक गडी एका पायात चाळ बांधून फिरतात. या रिंगणाला वादाची गरज नसते. गणपतीपुढे अंगणात नुसती जाखडी रात्रभर चालते, आणि नाचणाऱ्याला वादातला एक शब्द कळला नाही तरी पाऊल चुकत नाही. त्यावरून नाच आधीचा आणि वाद मागाहून आत आलेला असावा.

बारीची, म्हणजे सामन्याच्या रात्रीच्या कार्यक्रमाची, चौकट ठरीव आहे : गण, गवळण, मग सवाल-जबाब आणि पदे. या चौकटीचा कस लागतो तो ‘भेदा’त. भेद म्हणजे पुराणातले किंवा वेदान्तातले गुपित कोड्यात घालून प्रतिपक्षापुढे टाकणे. नमुन्यादाखल शक्तीवाल्यांचे एक जुने हत्यार घ्यावे. ‘शिव’ शब्दातला इकार म्हणजे शक्ती. तो काढला की उरते ‘शव’. कल्पनेचे मूळ तांत्रिक परंपरेत आहे. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या ‘सौंदर्यलहरी’चा पहिलाच श्लोक शक्तीवाचून शिवाला हालचालही जमत नाही, असे म्हणतो. तुरेवाल्याला यातून सुटायचे असेल तर तो विचारू शकतो, की नुसती वेलांटी हवेत कशी राहणार? तिला टेकायला अक्षर लागतेच. यावर शक्तीची बाजू म्हणणार, की कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे, म्हणजे आधी येते. आणि तुरा म्हणणार, की लिहिण्याचे सोडा, तोंडाने ‘शि’ म्हणताना आधी काय उमटते ते ऐका. वाद सुटत नाही. पण देवनागरी लिपीचा असा कस व्याकरणाच्या वर्गातही क्वचित लागतो.

दुसरे भांडार सांख्य दर्शनाचे. प्रकृती, महत्, अहंकार, मन, पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच तन्मात्रे, पाच महाभूते ही चोवीस आणि पुरुष धरून पंचवीस तत्त्वे. ‘पंचविसांच्या घरात एकटा कोण?’ या धर्तीचे सवाल इथून निघतात. ‘सांख्यकारिके’तला आंधळ्या-पांगळ्याचा दृष्टान्तही दोन्ही बाजूंना चालतो : प्रकृती आंधळी पण चालणारी, पुरुष डोळस पण पांगळा. ज्याला जे अर्धे सोयीचे, ते तो उचलतो. शैवागमांत, म्हणजे शैवांच्या शास्त्रग्रंथांत, मात्र छत्तीस तत्त्वे आहेत, आणि तिथला शिव म्हणजे सांख्यांचा उदासीन पुरुष नव्हे. शाहिरांच्या पदांत ही दोन्ही गणिते बेलाशक मिसळतात, आणि कसलेला प्रतिपक्षी नेमका तिथेच बोट ठेवतो.

पदाच्या शेवटच्या कडव्यात गुरूचे, शाहिराचे आणि गावाचे नाव गुंफण्याची रीत आहे. बहुतेक सामन्यांत पंच नसतो. निकाल लागतो तो उजाडताना, घरी परतणाऱ्या रसिकांच्या बोलण्यात, आणि तोही एकमताने नाही. उत्तर विषयाला धरून होते की शाहिराने नुसता टोमणा मारून वेळ मारून नेली, एका रात्रीची सगळी पदे एकाच आख्यानात ओवायची की जमेल तसा विषय बदलायचा, चाल पारंपरिक हवी की सिनेमाच्या गाण्यावर बेतलेली चालेल, यावर रसिकांत उघड तट आहेत. जुने जाणते उसन्या चालीला नाक मुरडतात. चाल ओळखीची असली की श्रोत्याचे कान शब्दांसाठी मोकळे राहतात, हा तरुणांचा मुद्दा मात्र सहज खोडून काढता येण्याजोगा नाही.

चाकरमान्यांबरोबर हा प्रकार मुंबईत गेला आणि गिरणगावात स्थिरावला. परळचे दामोदर नाट्यगृह कोकणच्या लोककलांचे हक्काचे ठिकाण होते. ढोलकी-झांजेच्या जोडीला पुढे बुलबुलतरंग, मग कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. स्त्रियांचे संघही आता उतरतात. पदे शाहिरांच्या हस्तलिखित वह्यांत असत आणि वही सहसा परक्याच्या हाती दिली जात नसे. नंतर कॅसेटी निघाल्या, आता सामने यूट्यूबवर असतात. तिथे एकदा गेलेला भेद पुढच्या बारीत टाकून उपयोग नसतो, कारण समोरचा तो ऐकूनच आलेला असतो.